पुस्तकाचा जबाब

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राच्या मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. दुसऱ्या दिवशी पेपरांत हे मोठ्ठे मथळे. चांगली गोष्ट आहे, तक्रार नाही. मराठी आमचीबी माय आहे. पण त्याच बैठकीत पालीलाही तोच दर्जा मिळाला, प्राकृतलाही मिळाला. पालीसाठी कुणी पेढे वाटल्याचं मला देवळ्यात दिसलं नाही. आपल्या वस्तीतबी नाही. जिथं प्रत्येक कार्यक्रमाला त्रिसरण-पंचशील पालीत म्हणतात, तिथं नाही.

मग मी कोश काढला. अभिजात म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. कुलीन, खानदानी. म्हणजे पुस्तकाचंही कूळ बघायचं! शब्द आता रूढ झालाय, वापरावा लागणार. पण वापरताना त्याचा गावगाडा माहीत असलेला बरा.

आणखी एक शब्द आहे. खूप वाचलेल्या माणसाला मराठीत बहुश्रुत म्हणतात. श्रुत म्हणजे ऐकलेलं. ज्यानं पुष्कळ ऐकलं तो बहुश्रुत. आणि आमच्या ऐकण्यावरच तर बंदी होती. शूद्रानं वेद ऐकला तर त्याच्या कानात तापलेलं शिसं-लाख ओतावं, असं गौतम धर्मसूत्रात लिहिलंय. तेव्हा आमच्यात कुणी बहुश्रुत व्हायचं ठरवलं तर ते कानानं होण्यासारखं नव्हतंच. ते डोळ्यानं आणि हातानं करावं लागलं. ह्या लेखात मला हातावर जास्त बोलायचंय, कारण डोळ्याबद्दल सगळेच बोलतात.

हे लिहायचं कारण आमच्यातलंच भांडण. मी मालेगावात लूमवर असतो, बारा तासांची पाळी. शुक्रवारी मालेगावचे लूम बंद, म्हणून शुक्रवारी देवळ्याला घरी. त्या दिवशी आम्ही पाच-सहा जण बसतो. कुणी कांद्याच्या चाळीवर मजुरीला, कुणी ट्रॅक्टरवर, एक जण डी.एड. करून घरी बसलेला. एकेक पुस्तक घेतो, वाचतो, भांडतो. अभिजातवरून असं पेटलं की चहा थंड झाला. एक दोस्त म्हणाला, त्यांच्या पोथ्या आपण कशाला वाचायच्या? हजार वर्षं त्यांनीच वाचल्या, काय उजेड पडला? डी.एड.वाला म्हणाला, वाचायचंच तर एमपीएससीचं वाच, बाकी वाचून चूल पेटत नाही. आणि जो आमच्यात सगळ्यात चांगला माणूस आहे तो म्हणाला, बाबासाहेबांनी सगळं वाचून ठेवलंय, आता आपण फक्त बाबासाहेब वाचायचे.

ह्या तिघांवर मला राग नाही. पण आपलेच लोक कसे वाचत आले ते नीट बघितलं, तर तिघांनाही उत्तर मिळतं.

सुरुवात चोखोबापासून करतो. मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीचं काम चालू असताना ती कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेला, साल १३३८ सांगतात. त्याचं सगळं घरच रचणारं होतं. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेव्हणा बंका, पोरगा कर्ममेळा. असं घर आजच्या शहरातबी सापडायचं नाही. पण परंपरा सांगते की चोखोबाचे अभंग उतरवून घेतले अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणानं. अनंतभट्टाचे उपकार आहेतच, त्यानं लिहिलं नसतं तर आज काहीच हाती नसतं. चोखोबाच्या जोहारात महारकीची कामं येतात, विटाळाचा सवाल येतो, हेही खरं. तरी मला वाटतं, दगड वाहून घरी आल्यावर ह्या पाच माणसांत काय बोलणं होत असेल, देवावरून सोयराबाई नवऱ्याशी काय भांडत असेल, ते अनंतभट्टापर्यंत पोचलंच नसणार. देवापुढं म्हटलेलं तेवढं उरलं. लेखणी दुसऱ्याच्या हातात असली की कुठलं ठेवायचं हे तो ठरवतो. तो कितीही भला असो.

इथून पाचशे वर्षं पुढं यायला लागतं. मधे काही घडलं नाही असं नाही, पण आपल्या हातचा कागद नाही.

नाशकात १८४० ला वाचनालय निघालं, आजचं सार्वजनिक वाचनालय. महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या वाचनालयांपैकी एक, जिल्ह्याला अभिमान वाटावा असं. पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली १८४८ ला. आणि फुल्यांच्या शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेल्या मांगाच्या एका मुलीचा, मुक्ताबाईचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला १८५५ ला. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा. ह्या निबंधाला आपण मानाचं पान म्हणून भिंतीवर लावतो आणि वाचत नाही. तो वाचला पाहिजे, कारण त्यात ती पुस्तकाबद्दल बोलते. तिचं म्हणणं माझ्या शब्दांत असं: वेद फक्त ब्राह्मणांचे, दुसऱ्यानं बघायचे नाहीत, असं ते सांगतात, म्हणजे मग आम्हाला पुस्तकच नाही हे उघड झालं, ज्याला पुस्तक नाही त्याला धर्म कुठला, तर देवा, आमचा धर्म कुठला ते तूच सांग. बघा, पोरीनं काय केलं! समोरच्याचाच नियम घेतला, तो सरळ शेवटापर्यंत नेला आणि त्याच्याच अंगणात आणून टाकला. पुढं तीच मुलगी लिहिते की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, थंडी-पावसात किती हाल होतात. युक्तिवाद आणि अनुभव एकाच कागदावर. मराठीत टीका लिहिणारे पंडित पुष्कळ झाले, एवढं नेमकं लिहिणारे थोडे.

चोखोबाला अनंतभट्ट लागला, मुक्ताबाईनं स्वतः लिहिलं. एवढं अंतर तुटलं ते तीन वर्षांच्या शाळेनं.

दुसरी शाळा म्हणजे पलटण. इंग्रजांच्या फौजेत महार होते, आणि पलटणीत शिपायांना नि त्यांच्या पोरांना शिकवत. १८९० च्या सुमाराला महारांची भरती बंद केली, तोवर एक आख्खी पिढी वाचायला शिकून बसली होती. त्यातलेच पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर. १८८८ ला त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ काढलं, आणि ते आहे कसं? प्रश्नांच्या रूपात. शास्त्र मानणाऱ्यांना विचारलेले प्रश्न. पेन्शनर माणूस कोकणात बसून शास्त्राची झडती घेतोय.

आणि त्याच पलटणीच्या शाळेतले मास्तर सुभेदार रामजी. ते घरी पोरांना रामायण-महाभारत वाचून दाखवत, कबीराची पदं म्हणत. पैसे नसले तर लेकींचे दागिने गहाण ठेवून धाकट्यासाठी पुस्तक आणत. धाकटा म्हणजे भीमराव. पहिल्या दोस्ताला माझं उत्तर इथं आहे: बाबासाहेबांच्या घरात त्यांच्या पोथ्या वाचल्या जात होत्या, आणि भीमरावानं त्या ऐकून गप्प बसायचं नाकारलं होतं. वडिलांशी तो ह्या ग्रंथांवरून वाद घालायचा. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

चर्नी रोडच्या बागेत एकटा पुस्तक घेऊन बसणारा हा पोरगा कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी हेरला. १९०७ ला तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्काराच्या सभेत केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र दिलं. त्या एका पुस्तकाचं पुढं १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात काय झालं ते जगाला माहीत आहे. पण मधली ४९ वर्षं कुणी मोजत नाही. पुस्तक भेट मिळालं आणि माणूस बदलला असं होत नसतं. एकोणपन्नास वर्षं तो माणूस त्या पुस्तकाला दुसरी पुस्तकं लावून बघत होता.

शाळेत त्याला संस्कृत घ्यायचं होतं. मिळालं नाही, फारसी घ्यावी लागली. पुढं न्यूयॉर्कला कोलंबियात १९१३ ते १९१६ तो जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडला. दोनेक हजार पुस्तकं जमवली असं चरित्रकार सांगतात. लंडनहून १९१७ ला परत येताना पुस्तकांचं सामान वेगळ्या बोटीनं पाठवलं आणि लढाईत ती बोट बुडाली. माणूस वाचला, पुस्तकं समुद्रात. असल्या वेळी आपण कपाळाला हात लावून बसलो असतो. त्यांनी परत सुरुवात केली. पुढं दादरच्या हिंदू कॉलनीत घर बांधलं, राजगृह, ते माणसांपेक्षा पुस्तकांना राहता यावं असं.

संस्कृतची गोष्ट इथं संपत नाही. १९४६ च्या शूद्रांविषयीच्या ग्रंथाची प्रस्तावना वाचा. त्यांना माहीत होतं की पंडित म्हणणार, ह्याला संस्कृत कुठं येतं? त्यांनी आधीच लिहिलं की संस्कृतवर माझं प्रभुत्व नाही हे कबूल. पण हे साहित्य मी पंधरा वर्षं इंग्रजी भाषांतरातून अभ्यासलंय आणि एवढ्यावर मला बोलायचा हक्क पोचतो. हे वाचलं तेव्हा मी लूमवर रात्रपाळीला होतो. मोठ्यानं हसलो. शेजारच्या लूमवरच्या चाचाला वाटलं, झोप चढली. दोस्तहो, आपल्यासारख्यांना ह्याच्याएवढा आधार कुणी दिला नसेल. मूळ भाषा येत नाही, डिग्री नाही, शिक्षक नाही, तरी पंधरा वर्षं चिकाटीनं वाचा आणि मग न लाजता बोला.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली. आपली पोरं जाळण्याचा दिवस पाळतात. पाळावाच. पण जाळायच्या आधी ती वाचली होती, श्लोक न् श्लोक वाचली होती, हे सांगायचं राहून जातं. न वाचता जाळली असती तर ती फक्त होळी झाली असती.

आता वहीकडं येतो. बाबासाहेबांनी रोजनिशी रोजच्या रोज ठेवली असं मी म्हणत नाही. पण इंग्रजीत, स्वतःच्या हातानं, काही मोजक्या आठवणी त्यांनी लिहून ठेवल्या, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ नावाच्या. त्या पुस्तिका म्हणून छापल्या गेल्या १९९० ला, ते गेल्यावर ३४ वर्षांनी. त्यातली एक आठवण आपल्या भागातली आहे. १९२९ ला ते चाळीसगावला उतरले. चाळीसगाव म्हणजे मालेगावच्या पलीकडं, आपल्याला काही लांब नाही. वस्तीत न्यायला टांगा हवा. टांगेवाले महाराला बसवायला तयार नाहीत. शेवटी टांगा मिळाला पण हाकणारा मिळाला नाही. वस्तीतल्या एकानं लगाम धरला, त्याला हाकता येत नव्हतं. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. लंडनहून बॅरिस्टर झालेला माणूस! त्यांनी हे कसं लिहिलंय ते बघण्यासारखं आहे. शिव्या नाहीत, रडणं नाही. काय झालं, कुठं झालं, कोण काय म्हणालं, आणि शेवटी एक बारीक विचार: आपल्या लोकांना पाहुण्याच्या जिवापेक्षा त्याची इभ्रत मोठी वाटली, त्यानं चालत येऊ नये म्हणून टांग्याचा घाट घातला. दुखावलेल्या पायाचा माणूस आपल्याच माणसांच्या मनाचा असा शांतपणे विचार करतो. ही मला खरी रोजनिशी वाटते. ‘आज मला वाईट वाटलं’ लिहिणं सोपं आहे. आपल्याला वाईट वाटण्यामागं किती लोकांचे हिशोब असतात ते लिहिणं अवघड.

ह्याच जिल्ह्यात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ ला धर्मांतराची घोषणा झाली. हे सगळ्यांना पाठ आहे. पण हा सत्याग्रह आतून कसा चालला, पैसे कुठून आले, कोण रुसलं, कुठं माघार घ्यायची ठरली, हे आज कळतं ते बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना लिहिलेल्या पत्रांवरून. दादासाहेबांनी ती जपून ठेवली. आंबे गावचा, दिंडोरी तालुक्यातला हा माणूस मोर्चे काढत होता, तुरुंगात जात होता आणि कागद सांभाळत होता. तसंच जलशांचं. नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांनी गावोगाव जलसे केले आणि नंतर बसून त्यांचा इतिहास लिहिला. ज्यांनी लिहिला नाही त्यांचे जलसे आज कुणाला ठाऊक नाहीत, आणि असे जलसेकार तालुक्या-तालुक्यात होते.

दुसरे कर्डक, वामनदादा. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२. मुंबईत आले, कोळशाच्या वखारीत राबले, खडी फोडली, टाटा ऑइल मिलमध्ये लागले. तोवर अक्षराची ओळख नाही. चाळीत एका माणसानं पत्र वाचून दाखवायला सांगितलं आणि वामनदादांना ते येईना, रडू कोसळलं. मग एका मास्तरांकडून बाराखडी गिरवली. जोडाक्षरं कुठं शिकले? दुकानांच्या पाट्यांवर. रस्त्यानं चालताना पाट्या वाचत. अण्णाभाऊ साठ्यांचंही असंच सांगतात, शाळा दीड-दोन दिवसांची, पुढचं शिक्षण मुंबईच्या पाट्यांवर नि सिनेमाच्या पोस्टरांवर. तेच अण्णाभाऊ पुढं गॉर्की वाचतात, १९५९ ला ‘फकिरा’ लिहून बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण करतात, १९६१ ला रशियाला जातात आणि आल्यावर प्रवास लिहून काढतात. मला ह्या दोघांत एक गोष्ट सारखी दिसते. दोघांनीही वाचायला शिकल्यावर लिहायला वेळ लावला नाही. ‘आधी पुरतं शिकतो, मग लिहितो’ असं म्हणणारा माणूस आपल्यात टिकत नाही; त्याला पाळी खाऊन टाकते, संसार खाऊन टाकतो. वामनदादांनी हजारो गाणी रचली. त्यातली बरीचशी त्यांच्या वहीत राहिली नाहीत, ज्यांच्या घरी मुक्काम केला त्यांच्या वह्यांत राहिली, कार्यकर्त्यांच्या तोंडी राहिली. २००४ ला ते गेले. ती अजूनही जमवली जातायत.

ह्या सगळ्यांत मला सगळ्यात जवळची वाटते ती फलटणची बेबीताई कांबळे. घरात छोटं किराणा दुकान. पुड्या बांधायला रद्दी विकत घ्यायची. ती रद्दी बेबीताई वाचायची. गिऱ्हाईक नसलं की पुडीचा कागद सरळ करून वाचायची. पुढं वाचनालयातून पुस्तकंही आणायला लागली. आणि वाचता वाचता लिहायला लागली. घरच्यांना, नवऱ्याला कळू नये म्हणून लिहिलेले कागद लपवायची. अशी वीसेक वर्षं. फलटणला राहणाऱ्या मॅक्सिन बर्नसन ह्यांच्या हे कानावर आलं आणि ते बाहेर निघालं. १९८२ ला ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः, १९८६ ला पुस्तक, ‘जिणं आमुचं’. त्यात ती वाड्यावरचा जुलूम लिहिते, आणि आपल्याच घरात सुनेवर सासू काय करायची, नवरे काय करायचे, तेही लिहिते. आपल्या पुरुषांना ते झोंबतं. झोंबू दे. लपवून लिहिलं म्हणूनच ते एवढं खरं उतरलं असेल, असं मला कधी कधी वाटतं. आणि लगेच वाटतं, हे म्हणणं सोपं आहे, लपवायची पाळी तर तिच्यावर होती.

नाशिकच्या शांताबाई दाणींनीही लिहिलं. चळवळीत आयुष्य घातलेली बाई, तिचं आत्मकथन १९९० ला आलं आणि त्याला नाव दिलं ‘रात्रंदिन आम्हां’. शब्द तुकोबाचे. ह्यावर पहिल्या दोस्तानं विचार करावा. तुकोबा त्यांचा की आपला, हा वाद शांताबाईंनी घातलाच नाही. उचलला आणि आपल्या आयुष्यावर पाटी म्हणून लावला. बाबासाहेबांनीही १९२० ला ‘मूकनायक’च्या माथ्यावर तुकोबाच घेतला आणि १९२७ च्या ‘बहिष्कृत भारत’वर ज्ञानेश्वर.

आणि अभिजात-अभिजात जे चाललंय त्यात ‘लीळाचरित्र’ पहिल्या रांगेत आहे. आम्ही ते शुक्रवारी थोडं थोडं वाचतो. काय आहे ते? चक्रधर गेल्यावर म्हाइंभट गावोगाव फिरला, चक्रधरांना ज्यांनी ज्यांनी बघितलं त्यांना गाठून विचारलं, आणि ऐकलेलं लिहून घेतलं. दोघांनी दोन तऱ्हेनं सांगितलं तर दोन्ही ठेवलं. म्हणजे मराठीतलं पहिलं मोठं गद्य पुस्तक ही विचारून विचारून भरलेली वही आहे! हे मला कुठल्या मास्तरानं सांगितलं नव्हतं. शाळेत ‘आद्य गद्य ग्रंथ’ एवढं एक मार्काला होतं.

पालीतलंबी बघा. ‘थेरीगाथे’त पुण्णिका आहे, पाणी भरणारी दासी. थंडीत नदीत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते, पाण्यानं पाप धुतलं जात असेल तर मग बेडूक-कासवं सरळ स्वर्गात जातील की! हे अडीच हजार वर्षांकडं जाणारं साहित्य. ‘थेरगाथे’त सुनीत आहे, झाडूवाला. आणि ‘मिलिंदप्रश्न’. ग्रीक राजा मिलिंद भन्ते नागसेनांना एकामागं एक प्रश्न टाकतो, सोडतच नाही. औरंगाबादला १९५० ला कॉलेज काढलं, त्याला बाबासाहेबांनी पुढं राजाचं नाव दिलं. मिलिंद. परिसराला नाव नागसेनवन. म्हणजे विद्यार्थ्याचं नाव काय, तर विचारणारा. आमच्यातल्या त्या सगळ्यात चांगल्या माणसाला मी एवढंच म्हटलं की फक्त बाबासाहेब वाचायचे ठरवलं तरी बाबासाहेब तुला गप्प वाचू देणार नाहीत, ते मिलिंदाच्या बाजूनं आहेत.

ह्यात दुखणं आहे ते सांगतो. महाराष्ट्र सरकारनं १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन-भाषणांचे खंड काढले, वसंत मून त्यांचे संपादक. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कला पुस्तकांची जी विक्री होते तशी ती दुसऱ्या कुठल्या जत्रेत होत नसेल. उपाशी माणूस दोन पुस्तकं घेऊन जातो. हा आपला अभिमान खराच. पण घरी आल्यावर काय होतं? आमच्याकडं मी बघितलंय, खंड प्लॅस्टिकच्या पिशवीसकट काचेच्या कपाटात. वर फोटो, हार, पुढं मेणबत्ती. पोरगं हात लावायला गेलं तर माय ओरडते, खराब करशील. पोथीला लाल फडकं होतं, इथं प्लॅस्टिक. ज्या माणसाच्या स्वतःच्या पुस्तकांत पेन्सिलीच्या खुणा आहेत त्याच्या पुस्तकाला आपण पेन्सिल लावत नाही.

मी स्वतः कसा वाचतो ते विचारतात म्हणून सांगतो. लूमवर काय, धोटा धावत असतो, कांडी संपते, धागा तुटतो, जोडावा लागतो. त्या खडखडाटात सलग वाचणं होत नाही. एक पान, दोन पानं. म्हणून खिशात वही लागते. तारीख टाकायची, पान टाकायचं. पुस्तक काय म्हणतंय ते आपल्या बोलीत एका ओळीत. पुस्तकातलं वाक्य उतरवून काढलं तर मी ते वाचलेलं नसतं, नुसतं वाहून नेलेलं असतं. मग खाली माझा प्रश्न. कधी पुस्तकाला, कधी स्वतःला. महिन्यानं मागची पानं वाचायची. तेव्हा कळतं की मागच्या महिन्यात जो राग होता तो पुस्तकावरचा नव्हताच, पगाराचा होता. चाचा विचारतो, क्या हिसाब लिखते हो? म्हटलं, हाँ, हिसाबच. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांच्या घरातला माणूस तो, शेकडो शेर तोंडपाठ. माझ्या वहीत त्याचं एक पान आहे. गावी माय विचारते, काय वाची राहिना रे भाऊ? तिला वाचून दाखवलं की ती अशी शंका काढते की तीबी वहीत घ्यावी लागते. पुण्णिकेचं बेडूक तिला फार आवडलं. म्हणाली, हाई बाई आपलीच शे.

डी.एड.वाल्याचं उत्तर राहिलं. त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. नोकरी पाहिजे. भुकेलेल्याला ‘लीळाचरित्र’ सांगणं हा चोंबडेपणा आहे. एवढंच म्हणतो की तो ज्या इतिहासाच्या नोट्स पाठ करतो त्यात येवला एका ओळीत आहे, मुक्ताबाई कधी असते कधी नसते, आणि त्याच्या आजोबांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली ते कुठंच नाही. ते त्यालाच लिहायला लागेल.

दुष्काळावरून आठवलं ते लिहून टाकतो. आमच्या वस्तीत एक म्हातारे जलसेकार होते. साठ-सत्तरच्या दशकात ह्या पट्ट्यात त्यांनी गाणी म्हटली, कळवण, सटाणा, मालेगाव, चांदवड. कवी म्हणून कुणी ओळखलं नाही. ते गेल्यावर त्यांच्या पत्र्याच्या पेटीतल्या वह्या घरच्यांनी रद्दीत घातल्या, किलोच्या भावानं. घरच्यांना नाव ठेवत नाही, दोन खोल्यांत सात माणसं. मला कळलं तोवर चार दिवस झाले होते. रद्दीवाल्याकडं बसून ढीग उपसला, दोन वह्या सापडल्या, बाकीच्यांची पुडकी बांधून झाली होती.

दोन्हीत गाणी आहेत. पण मला समासातलं जास्त मोलाचं वाटतं. कुठल्या गावाला किती माणसं जमली. कुठं पाटलानं बत्ती विझवायला लावली. पेटीचा भाता फाटला, शिवायला किती गेले. १९७२ च्या पानांवर खडीचा हिशोब आहे, बायकोची हजेरी वेगळी, स्वतःची वेगळी. मिलो किती मिळाली, सुकडी कुणाच्या पोराला मिळाली नाही. आणि एका ठिकाणी, गाण्याच्या मधेच, महाभारत वाचायला आणल्याची नोंद. खाली एकलव्याबद्दल तीन ओळी, त्यातली तिसरी खोडलेली. काय लिहून खोडलं असेल ते आम्ही उजेडात धरून बघितलं, लागत नाही.

आता दर शुक्रवारी पुस्तकाच्या आधी तासभर त्या वह्यांतलं एकेक पान उतरवतो. डी.एड.वाल्याचं अक्षर चांगलं, तो लिहितो. शाई जिथं उडालीय तिथं जागा मोकळी सोडतो, पेन्सिलीनं खूण करतो. आतापर्यंत सव्वीस पानं झाली.